दोन तास माग बंद

माझ्या हातून नोकरीत एकच मोठी चूक झाली, आणि ती पुरणाची दिंडं खाऊन झाल्यावर लगेच झाली. भरल्या पोटी माणूस फार उदार होतो, हे मी तेव्हापासून ध्यानात ठेवलं आहे.

माझं नाव वृषाली ढोले. काम भूश्रवणाचं. म्हणजे जमिनीला कान लावायचा आणि ती जिवंत आहे की नाही ते लिहून द्यायचं. इचलकरंजीत कुणालाही मोकळ्या जागेवर काँक्रीट ओतायचं असलं की आधी आमच्या केंद्राचा दाखला लागतो. कायदा येऊन सहा वर्षं झाली. त्याआधी शहरातल्या उघड्या मातीला सगळे ‘रिकामी जागा’ म्हणायचे. दिवसभर राबणाऱ्या बाईला ‘काही करत नाही, घरीच असते’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. ती माती पाऊस पिते, उन्हाळ्यात ओल सोडून गल्ली गार ठेवते, वरची घाण गाळून खाली विहिरीला पाणी देते, आणि झाडांनी हवेतून ओढलेला कार्बन मुळांवाटे पोटात घेऊन दडवून ठेवते. सगळं गुपचूप चाललेलं, म्हणून कुणाच्या नजरेत येत नव्हतं. आपण ती झाकत गेलो. मग शहरं तापायला लागली, तासाभराच्या पावसात तुंबायला लागली, तेव्हा कुठे डोळे उघडले.

पण वरून बघून माती कामावर आहे की मेलेली आहे, हे कळायचं कसं? त्यासाठी कानसळई आली. कमरेएवढी पोलादी सळई, तिच्या अंगावर दर चार बोटांवर एक स्फटिक बसवलेला. स्फटिकाला कंप पोचला की त्याची वीज होते आणि ती पडद्यावर उमटते. गांडूळ सरकलं की टिकटिक होते. मूळ पुढे घुसताना करकर होते. अळ्या कुरतडतात तो आवाज आणखी वेगळा. यंत्राला अशा लाखो तासांच्या आवाजांची शिकवणी दिलेली आहे. त्यावरून ते सांगतं, या मातीत बिळं किती, पोकळ्या किती, म्हणजे ती तासाला पाणी किती पिईल. शंभरपैकी गुण देतं. चाळीसच्या वर पडले तर जागा झाकायची नाही. पंधराच्या आत पडले तर जमीन ‘मुकी’, खुशाल झाका. मधल्यांची भांडणं वेगळी, ती साहेब लोक सोडवतात.

अटी दोनच. सळई निदान साठ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, आणि आजूबाजूला दोन तास हादरा नको. खोली सळईला स्वतःला कळत नाही, ती आपण खुणा बघून लिहायची. एवढं हुशार यंत्र करणाऱ्यांनी नेमकी ती एक गोष्ट माणसाच्या इमानावर सोडली.

दुसरी अट ज्याने घातली तो इचलकरंजीला कधी आलाच नसणार. इथे हादरा नाही अशी जागा दाखवा. कापडाचे माग आता आपोआप चालतात, बारा महिने तेरा काळ. माझ्या मालनआत्याच्या गल्लीत चव्वेचाळीस माग आहेत. तिथे भिंतीला पाठ टेकली तर पाठही खडखडते. ती गल्ली वर्षातून मोजके दिवस गप्प असते आणि त्यातला एक नागपंचमीचा. गल्लीच्या टोकाला बंद पडलेल्या सायझिंगची वीस गुंठे जागा आहे. सायझिंग म्हणजे सुताला खळ देण्याचा कारखाना. ट्रकवाल्यांच्या संघाला विजेवरचे ट्रक चार्ज करायला तिथे तळ बांधायचा होता. मी तपासणीला गेल्या श्रावणातली नागपंचमी निवडली, ती एवढ्याच कारणाने.

मालनआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय ऐंशी. उभी हयात मागाला सुताच्या कांड्या भरण्यात गेली, त्यामुळे ऐकायला थोडं कमी येतं आणि बोलते मात्र साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तिचं घर त्या जागेला लागून, आणि गल्लीतलं सगळ्यात सखल. गेल्या गेल्या तिने मला पाटावर बसवलं. त्या दिवशी तवा ठेवायचा नाही, काही चिरायचं नाही, म्हणून उकडलेली दिंडं. चार खाल्ली. पाचव्याला नाही म्हणाले तरी वाढलं. मग मी सळई घेऊन उठले.

“हे काय गं?” आत्या मागोमाग आली.

“सळई. भुईत घालायची.”

“आज?” तिने कपाळावर हात मारला. “अगं नागपंचमी हाय आज! आज कुणी नांगर धरत न्हाई, इळा-खुरपं घेत न्हाई. भुईत जीव असत्यात. आणि तू सळई खुपसणार व्हय?”

“आत्या, काम आहे गं माझं.”

“उद्या कर की.”

“उद्या माग चालू होतील.”

“मग वर ठेव. कान लावायचा म्हंतीस न्हवं? कान काय आत खुपसून लावत्यात?”

मला हसू आलं. खरं सांगायचं तर पटलंही. जागा राखेची. चाळीस वर्षं सायझिंगच्या बॉयलरची राख तिथे ओतलेली, वर विटांचे तुकडे, टणक झालेलं कवच. शिकताना आम्हाला हेच सांगितलेलं की राखेची, डबराची जमीन म्हणजे मेलेली. खाली घातली काय आणि वर ठेवली काय, काय फरक पडणार? म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा? मी सळई त्या कवचावर आडवी ठेवली. दोन तासांनी गुण पडले चार. अर्ज मी नेहमी आदल्या दिवशीच घरी भरून ठेवते, वेळ वाचतो. त्यात ‘खोली : ६० सेंमी’ असं आधीच लिहिलेलं होतं. ते मी खोडलं नाही. त्या वीस गुंठ्यांना मी मुकी ठरवलं आणि पोटभर ताक पिऊन घरी आले.

फाल्गुनात ट्रकतळाला परवानगी मिळाली. त्याच आठवड्यात आत्याच्या गुडघ्याचं तेल घेऊन मी गल्लीत गेले, तर जेसीबीने खांबासाठी एक खड्डा मारून ठेवला होता. सहज डोकावले आणि पाय तिथेच रुतले.

वरचं कवच हातभर जाड. त्याखाली पुरुषभर काळीभोर माती. मी खड्ड्यात उतरले. मूठभर घेतली तर भुसभुशीत, ओलसर, वासाला गोड. फाल्गुनातल्या उन्हात ओलसर! तिच्यात कोळशाचे बारीक बारीक खडे होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बॉयलर लाकडावर चालायचा, आणि लाकूड कधीच पुरतं जळत नाही. राखेबरोबर अर्धवट जळलेला कोळसाही इथेच पडत गेला. कोळशाच्या खड्याला आत हजार भोकं असतात. पाणी त्यात मुक्काम करतं, जिवाणू त्यात घर करतात, आणि त्यातला कार्बन शेकडो वर्षं हलत नाही. त्यावर रोज सांडायचं खळीचं पाणी, म्हणजे नुसता स्टार्च. त्यावर झाडलोट केलेला कापसाचा भुगा. बुरशीला आणि गांडुळांना चाळीस वर्षं पंगत चालू होती म्हणा ना. विटांच्या तुकड्यांनी मधे हवा खेळती ठेवली. रंगाचा कारखाना असता तर विष मुरलं असतं, पण इथे फक्त खळ. माणसाने कचरा म्हणून टाकलं आणि त्याची माती झाली, तीही अशी की नदीकाठच्या मळईने हेवा करावा. कवचाला जागोजाग भेगा होत्या. पावसाचं पाणी तिथून खाली उतरत होतं. मी मात्र त्या कवचाच्या पाठीवर सळई ठेवून खालचा कानोसा घेत बसले होते.

शेजारी पडलेलं फावडं घेतलं आणि एकदा मारलं. एका फावड्यात एकतीस गांडुळं निघाली.

मग मी खड्ड्याच्या काठावर बसून हिशेब केला. वीस गुंठ्यांवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दोन लाख लिटर पाणी. वीस टँकर. आजवर ते सगळं इथे मुरत होतं. झाकलं तर ते उतारावरून जाणार, आणि उताराच्या पायथ्याशी आत्याचं घर, मग आणखी तीस घरं. मागच्या गल्लीतली अशीच एक जागा कायदा येण्याआधी झाकली. तिथे आता दर श्रावणात मांडीभर पाणी शिरतं आणि माणसं माळ्यावर झोपतात. आत्या माळ्यावर चढू शकत नाही.

काँक्रीट बाराव्या दिवशी पडणार होतं.

पहिले दोन दिवस मी गप्प बसले. हे लिहायला लाज वाटते, पण बसले. खोलीची खोटी नोंद म्हणजे माझा परवाना जाणार, हे एक. आणि दुसरं त्याहून वाईट. खरं सांगितलं तर गल्ली म्हणणार, म्हातारीच्या सोवळ्यापायी घात झाला. ज्या गल्लीत आत्याने साठ वर्षं काढली तिथे तिला मान खाली घालून चालावं लागलं असतं. मला झोप येईना. उताणी पडले की छातीवर पाणी चढतंय असं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रप्रमुख खवाटे साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. हा माणूस कधी ओरडत नाही, म्हणूनच त्याची भीती वाटते.

“खोली साठ लिहिली होती,” मी म्हणाले. “सळई आत घातलीच नव्हती साहेब. वर ठेवली होती.”

“का?”

“आळस केला.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “ढोलेबाई, सहा वर्षांत तुम्ही आळस केलेला मी पाहिला नाही. पण तुम्ही म्हणता तर तसं लिहितो. सहा महिने परवाना बंद. तो गेला असता कायमचा, पण काँक्रीट पडण्याआधी स्वतः सांगितलंत म्हणून नियमात सूट आहे.”

“आणि जागा?”

“फेरतपासणी. बाहेरचं माणूस करेल. मिरजेच्या बिरनाळे मॅडमना बोलावतो. बाराव्या दिवसाच्या आत करा. त्यानंतर मला काम थांबवता येणार नाही.” मग म्हणाले, “पण आता नागपंचमी कुठून आणणार? दोन तास ते माग कोण बंद करेल?”

चालू मागाला मधेच हात लावायचा म्हणजे मागवाल्याच्या जिवावर येतं. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, सैल पडतो, कापडावर पट्टा उमटतो, व्यापारी माल परत पाठवतो. शिवाय चव्वेचाळीसपैकी एक जरी चालू राहिला तरी तपासणी रद्द. आणि आठ माग दस्तगीर मुजावरचे होते. दस्तगीर म्हणजे ट्रकवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष. त्या तळासाठी दोन वर्षं हेलपाटे घातलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे मागवाले आत्याच्या अंगणात जमले. मी खड्ड्यातली माती घमेल्यात भरून आणली होती. कोळसा, गांडुळं, पाण्याचा हिशेब, सगळं समजावून सांगितलं आणि दोन तास माग बंद ठेवा म्हणून विनवलं. मागवाल्यांना समजावणं सोपं नसतं. खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे सगळे एकदम आणि ओरडून बोलतात.

“सगळं खरं मानलं,” दस्तगीर म्हणाला. “पर तवा तुम्हीच लिहून दिलंत न्हवं, मुकी म्हणून? आता बोलाय लागली?”

“माझी चूक झाली. सळई वर ठेवली मी.”

“का ठेवली?”

“आळस केला.”

“खोटं बोलती ती!”

आवाज आत्याचा. ती उंबऱ्यात बसली होती. मला वाटलं होतं तिला काही ऐकू जात नसेल. ती भिंतीला धरून उठली.

“नागपंचमी होती. मीच म्हनलं, भुईत खुपसू नगं म्हनून. तिनं माझा शबुद पाळला.” तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला. “जीव मरतील म्हनून बोलले, आणि त्येंच्याच डोक्यावर दगड घालाय निघाले. तुमच्या बी. मला काय ठावं होतं रं बाबांनो?”

मला रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही. जे झाकायला खोटं बोलले तेच चव्हाट्यावर आलं होतं. आता कुणीतरी म्हातारीला टाकून बोलणार, याची मी वाट बघत होते.

दस्तगीरने घमेल्यातली मूठभर माती उचलून चुरली. मग म्हणाला, “मालनमावशी, माझ्या आईला बी हेच म्हनला असता तुम्ही. आणि तिनं बी ऐकलं असतं.” त्याने हात झटकले. “पर ट्रक कुठं उभं करू, त्ये सांगा. रस्त्यावर लावतोय तर रोज शिव्या खातोय मी.”

याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. नदीच्या वाटेवर बंद पडलेल्या एका प्रोसेसचं, म्हणजे कापड धुऊन रंगवण्याच्या कारखान्याचं, आवार आहे. तीस वर्षांपूर्वीच काँक्रीटने झाकलेलं, तिथे झाकण्यासारखं काही उरलेलंच नाही. दाखला लागणार नाही. एक किलोमीटर लांब पडेल, एवढंच.

“लांब हाय,” दस्तगीर म्हणाला.

“आहे.”

“बघून येतो.” एवढं बोलून तो गेला. होय म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मला परत झोप नाही.

दहाव्या दिवशी बिरनाळे मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, कामापुरतं बोलणाऱ्या. वेळ ठरली होती अकराची. बाकीचे मागवाले तयार झाले होते, दस्तगीरचं काही कळलं नव्हतं. कवच फोडायला पहार आणली होती. भोक पाडलं, सळई आत धरली, पण ती विटांच्या तुकड्यात अडकली. मॅडमनी जोर लावला तरी हलेना. मला हात लावायला मनाई. तेवढ्यात आत्या काठी टेकत पुढे आली, काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात सळईवर ठेवले. ओठांत काहीतरी पुटपुटली. “माफ कर गं माये,” एवढंच मला ऐकू आलं. दोघींनी मिळून दाबली आणि सळई साठची खूण ओलांडून खाली गेली. मॅडमनी ती खूण दोनदा बघितली, फोटो काढला, मगच लिहिली.

अकरा वाजले. गल्लीच्या वरच्या टोकाचा पहिला शेड बंद झाला. मग दुसरा. आवाज खालच्या बाजूला विरळ होत होत आला. लोक दारात येऊन उभे राहिले. शेवटी एकच शेड उरला, आठ मागांचा. खडाक् खडाक् खडाक्. मॅडमनी घड्याळ बघितलं. नियमाप्रमाणे दहा मिनिटं थांबायचं, मग सामान आवरायचं. सात मिनिटं झाली. आठ झाली.

आणि ते आठही एकदम थांबले.

दस्तगीर शेडमधून हात पुसत बाहेर आला. “ताणा सैल पडू नये म्हनून त्यो धरून मागामागाला एकेक गडी उभा केला,” तो ओरडून सांगायला लागला आणि आपलाच आवाज ऐकून दचकला. मग कुजबुजत म्हणाला, “त्यात उशीर झाला.”

त्या गल्लीत कामाच्या दिवशी तसली शांतता मी कधी ऐकली नव्हती. कुणाच्या तरी घरात दूध उतू गेलेलं ऐकू आलं. माणसं इतक्या वर्षांनी हळू बोलायला शिकत होती आणि जमत नव्हतं, म्हणून सरळ गप्प बसली. मॅडमनी कानाला लावायचं यंत्र एकेकाला दिलं. दस्तगीरनेही घेतलं. बराच वेळ डोळे मिटून उभा होता. काढलं तेव्हा फक्त म्हणाला, “लई गर्दी हाय की खाली.”

एक वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर आकडा आला. अडुसष्ट.

मॅडमनी तो मोठ्याने वाचला, सही केली आणि कागद खवाटे साहेबांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं. जागा झाकायची नाही, मारलेला खड्डा त्याच मातीने भरून द्यायचा. माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. मला वाटलं मी हसेन, ओरडेन, निदान कुणाच्या तरी गळ्यात पडेन. त्यातलं काही झालं नाही. मी आत्याच्या घरात गेले आणि तिच्या खाटेवर आडवी झाले.

बाहेर माग सुरू व्हायला लागले. आधी दस्तगीरचे आठ, मग वरचे, मग सगळे चव्वेचाळीस. खाट हादरत होती, भांडी वाजत होती, भिंत थरथरत होती. दहा दिवसांत पहिल्यांदा माझे डोळे आपोआप मिटत होते.

दारात कुणीतरी पेढे घेऊन आलं. आत्या उठली, उंबऱ्यात आडवी उभी राहिली आणि त्या सगळ्या खडखडाटाच्या वर आवाज चढवून त्याच्यावर खेकसली, “हळू बोल की मुडद्या! पोरगी झोपलीया माझी!”